उलट्या आट्याचा नट

सोमवार, ता. ४

आज माझी खिडकी गेली. मोठमोठी साम्राज्यं गेली तेव्हा त्यांच्या मागे रडायला इतिहासकार होते. माझ्या खिडकीमागे मी एकटाच आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. दुपारच्या वेळी पत्र्याच्या छपराखाली बसून ज्याने बिलं लिहिली आहेत त्यालाच खिडकी म्हणजे काय ते कळेल. तिच्यातून वारा यायचा, समोरच्या कारखान्यात कोण कोणावर ओरडतंय ते ऐकू यायचं, आणि ताई येताना दिसली की हातातलं वर्तमानपत्र ड्रॉवरमध्ये जायला पुरेसा वेळ मिळायचा.

ही खिडकी आजपासून गॅसच्या सिलिंडरची. माझं टेबल कॉम्प्रेसरच्या शेजारी गेलं. तिथे फोनवर बोलायचं तर आधी रस्त्यावर जावं लागतं.

झालं असं की विम्याचा माणूस पाहणीला आला. ॲसिटिलीनचे सिलिंडर मागच्या कोंदट कोठीत, ऑक्सिजनच्या मांडीला मांडी लावून उभे दिसले तेव्हा त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "हा गॅस कोंडून ठेवू नका. वारा खेळता पाहिजे. ऑक्सिजनपासून लांब, उन्हापासून लांब, तेला-ग्रीसपासून लांब, आणि साखळीने भिंतीला बांधलेला. उभाच ठेवायचा, आडवा पाडायचा नाही." इतकी आस्था माझ्याबद्दल आजवर कोणी दाखवलेली नाही. दोन भिंतींना दोन खिडक्या आणि थेट बाहेर उघडणारं दार असलेली खोली कारखान्यात एकच, माझं ऑफिस. ताईने क्षणभरही विचार केला नाही. सख्खी बहीण आहे!

जाताना त्या माणसाने विचारलं, "गॅसची जबाबदारी कोणा एकावर टाकलीय का?" ताईने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या हातात काही ना काही काम होतं. माझ्या हातात चहा होता.

मंगळवार, ता. ५

जबाबदार माणूस या नात्याने गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या वर्गाला जाऊन आलो. बरंच शिकलो. हा गॅस नुसता भरलेला नसतो. आत स्पंजासारखं काहीतरी असतं, त्यात एक द्रव मुरवलेला असतो आणि त्या द्रवात गॅस विरघळलेला. म्हणून सिलिंडर आडवा पाडला की द्रव तोंडाशी येतो. चुकून पाडलाच तर उभा करून बराच वेळ तसाच ठेवायचा, घाई करायची नाही. तांब्याची नळी वापरायची नाही, या गॅसचं आणि तांब्याचं जमलं तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. दाब ठरावीक आकड्याच्या वर न्यायचा नाही. लसणासारखा वास आला की गळती समजायची आणि शोधायची ती साबणाच्या पाण्याने, काडी पेटवून नव्हे. काडी पेटवून शोधणाऱ्यांना गळती हमखास सापडते म्हणे, पण नंतर ते सांगायला येत नाहीत.

चहाच्या सुट्टीनंतर नट आणि जोडण्या हा विषय होता. तो भाग माझ्या कानांनी ऐकला; डोळे मिटलेले होते. शेवटचं वाक्य मात्र पक्कं ध्यानात राहिलं: "जोडण्या रोज तपासा." त्यापुढे मी मनातल्या मनात जोडलं: आणि माणसंही.

बुधवार, ता. ६

आमच्या वेल्डरला सगळे 'सरकार' म्हणतात. कारण कोणतंही काम सांगितलं की तो "बघू" म्हणतो, दोनदा सांगितलं की "विचाराधीन आहे" म्हणतो, आणि तिसऱ्यांदा सांगायला जावं तर काम झालेलं असतं आणि श्रेय कोणाला द्यायचं यावर त्याचं भाषण सुरू असतं. हात सोन्याचा आहे हे मी नाकारत नाही. जीभ मात्र कानशीसारखी.

मी नियम वाचून दाखवले. तो चष्मा कपाळावर चढवून ऐकत होता.

"मामा," तो म्हणाला, "हे सगळं सिलिंडरला सांगितलंत का? नाही, तो नवीन आहे या खोलीत."

ताईचा मुलगा मला मामा म्हणतो म्हणून अख्खा कारखाना मला मामा म्हणतो. आपल्या भाषेत मामा होणं आणि मामा बनणं यांत फारसं अंतर नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तेवढ्यासाठीच ते इतक्या प्रेमाने हाक मारतात. आमचा रंगारी तर 'मा'वर जरा जास्तच रेंगाळतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पहिली तपासणी केली. सरकारने सिलिंडर बंद करून चावी खुंटीला लावली होती, ते ठीक. पण सिलिंडरच्या तोंडावर दाब दाखवणारं गेज बसवतात, त्याचा मोठा पितळी नट पाहिला आणि मनात पाल चुकचुकली. नटाच्या कडांवर खाचा पाडलेल्या. म्हणजे जुना, कुठेतरी आपटलेला माल नवा म्हणून आमच्या गळ्यात मारला. भिंतीवरचा पाना घेतला आणि आवळून पाहिला. अर्धा फेरा गेला की! म्हणजे इतके दिवस हा नट सैलच होता.

कोणाला बोललो नाही. पाळत ठेवायची तर ती गुपचूप.

शुक्रवार, ता. ८

काल गॅसचं काम निघालंच नाही. आज सकाळी सरकारने सिलिंडर उघडला आणि खोलीत लसणाचा वास. त्याने झटकन बंद केला, साबणाचं पाणी लावून पाहिलं. नटाच्या भोवती बुडबुडे. "कोणी हात लावला याला?" तो ओरडला. पाना घेऊन काहीतरी खाटखूट केली, पुन्हा साबण लावला, आता बुडबुडे नाहीत. मी दारात उभा राहून त्याचा चेहरा न्याहाळत होतो. आश्चर्य होतं, पण जरा जास्तच चांगलं वठलेलं. मी साप्ताहिकात नाट्यपरीक्षणं लिहीत होतो. मला हे कळतं. (साप्ताहिक बंद पडलं ते परीक्षणांमुळे नव्हे. लोक काहीही बोलतात.)

संध्याकाळी परत तपासलं. पुन्हा नट फिरला! आधी जरा अडतो, मग एकदम मऊ येतो. आजवर मला वाटायचं की आवळत गेलं की शेवटी घट्ट व्हायला हवं. इथे जितका आवळावा तितका हाताला हलका लागतो. हल्लीच्या मालाला दर्जा म्हणून उरलेला नाही.

मुद्दा असा की सकाळी त्याने सगळ्यांसमोर घट्ट केलेला नट संध्याकाळी माझ्या हाताने फिरतो. म्हणजे मधल्या वेळात तो सैल करून जातो. का?

शनिवार, ता. ९

सकाळी सरकारने सिलिंडर उघडण्याआधीच नट तपासला. सैल! रंगाऱ्याला बोलावून त्याने विचारलं, "तू खेळतोस का रे याच्याशी?"

"मी कशाला खेळू? मला माझी बायको-पोरं आहेत खेळायला."

"मग भुतं येतात का?"

"पगारपत्रकात असतील तर येत असतील. मामांना विचार."

दोघे हसले. मी हसलो नाही. चोर नेहमी पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

घरी हिला सगळं सांगितलं. तिने भांडी विसळता विसळता ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही लक्ष ठेवता म्हणजे नक्की काय करता?"

"पाहतो."

"नुसतं पाहता?"

"म्हणजे?"

"काही नाही. मागे न्हाणीघराचा नळ तुम्ही नुसता पाहिलात तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन वर आले होते."

बायकोला विश्वासात घेण्याचे तोटे यावर कधीतरी स्वतंत्र लेख लिहीन.

सोमवार, ता. ११

आज उघड अपमान. सरकार गेज लावत होता, मी जवळ जाऊन वाकून पाहत होतो. तर मान वर न करता म्हणतो, "हात नका लावू मामा. उलट्या आट्याचं काम आहे. सरळ माणसाला चकवतं."

आटे म्हणजे नटाच्या आतल्या वळ्या, इतकं मलाही ठाऊक आहे. एखाद्याच्या डोक्याचा स्क्रू ढिला म्हणतात, त्याच्या पुढची पायरी म्हणजे उलटे आटे. म्हणजे मी उलट्या आट्याचा! आणि सरळ माणूस कोण, तर हे! मी तिथून निघून आलो. रंगारी मागून म्हणाला, "मामांना काय झालं?" सरकार म्हणाला, "विचाराधीन आहे."

या माणसाला माझं तिथे येणं खुपतं. ज्याला लपवायचं काही नसतं त्याला कोणी वाकून पाहिलेलं कशाला खुपेल?

संध्याकाळी नट नेहमीसारखा. आवळला.

बुधवार, ता. १३

हेतू सापडला.

दुपारी रस्त्यावर फोनसाठी उभा होतो (कॉम्प्रेसरची कृपा), तर समोरच्या कारखान्याच्या मालकाबरोबर सरकार चहा पीत होता. कप त्या मालकाने स्वतः आणून दिला. आमच्या ताईने गेल्या कित्येक वर्षांत कोणाला स्वतः कप दिलेला नाही. मला पाहिल्यावर सरकारने हात हलवला. निरागसपणा दाखवायला हात हलवण्यासारखं दुसरं काही नाही.

आणि आजच गॅसवाला ड्रायव्हर सिलिंडर उतरवता उतरवता ताईला म्हणाला, "ताई, तुमच्याकडे गळतीची बोंब आहे म्हणे. आमच्या साहेबांच्या कानावर गेलं तर पुरवठा थांबवतील हं. सध्या कडक आहेत."

पुरवठा थांबला तर इस्पितळाच्या खाटांचं काम बुडालं. भावजी गेल्यानंतर ताईने स्वतः मिळवलेलं हे पहिलं मोठं काम. यातूनच मागच्या बाजूला नवीन शेड उभी राहायची आहे, आणि तिचा मुख्य म्हणून तिने सरकारला शब्द दिलाय. तिने सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"पुन्हा एकदा वास आला," ती म्हणाली, "तर ज्याच्या हातात सिलिंडर त्याला घरी बसवीन. मग तो कितीही जुना असो. मला इथे कोणाची राख गोळा करायची नाही."

सरकार खाली पाहत होता. ज्याला शेडचा मुख्य व्हायचंय तो गळती का करेल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता हे प्रामाणिकपणे नोंदवतो. उत्तर सोपं आहे: समोरच्याने याहून मोठं काहीतरी कबूल केलं असणार.

गुरुवार, ता. १४



सरकार सकाळी उशिरा आला, बस चुकली म्हणे. ताई खाटांसाठी घाई करत होती. त्याने हातमोजे चढवता चढवता मला विचारलं, "मामा, नटाला कोणी हात नाही ना लावला?"

मी म्हणालो, "मी स्वतः पाहिलंय. घट्ट आहे. निर्धास्त उघडा."

खरंच पाहिलं होतं. काल संध्याकाळी स्वतः आवळला होता.

त्याने उघडला, वेल्डिंगचा टॉर्च हातात घेतला, लायटरने ठिणगी पाडली. टॉर्चची ज्योत पेटली आणि त्याच क्षणी 'फप्प' असा आवाज होऊन नटापाशी दुसरी ज्योत पेटली. पिवळी, काजळी सोडणारी, फडफडणारी. सरकार ओरडला, "बाहेर! सगळे बाहेर!" जबाबदार माणूस सर्वांत आधी बाहेर पोचला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

तो गेला नाही. ज्योतीच्या शेजारून हात घालून त्याने चावी फिरवली. ज्योत बसली. बाहीची कड जळाली होती, मनगट लाल. मग सिलिंडरच्या अंगावर पाणी मारून तो लांब उभा राहून पाहत बसला. एखादी जागा चटकन सुकली तर तिथे आतून तापलंय असं समजायचं, आणि मग कारखानाच नव्हे, गल्ली रिकामी करायची. सगळीकडे सारखंच ओलं राहिलं. बऱ्याच वेळाने त्याने श्वास सोडला. आम्ही सगळ्यांनीच सोडला.

ताईच्या ओठांना रंग नव्हता. "कोणी उघडला?"

"मी," सरकार म्हणाला.

"तपासून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रंगाऱ्याकडे पाहिलं. सरकार म्हणाला, "चुकलं माझं. तपासायला हवा होता."

कबूल केलं! ताईने त्याला घरी बसवलं नाही, मनगटाला मलम लावून दिलं. पण आत येऊन मला म्हणाली, "आता अजून काही झालं तर मला ठरवावंच लागेल रे. खाटा राहू देत, माणसं आहेत माझी."

सरकारच्या त्या नजरेचा विचार करतोय. माझ्याकडे का पाहिलं त्याने? आयत्या वेळी मदत मागणाऱ्याची नजर नव्हती ती. विचारात पडलेल्या माणसाची होती. गुन्हेगार पुढची चाल ठरवताना असाच दिसत असणार.

शनिवार, ता. १६

सापळा लावला.

रंगाऱ्याकडून थोडा पांढरा रंग घेतला, "घरी कपाटाला हवाय" म्हणून. सगळे गेल्यावर आधी नट नीट आवळला. आगीनंतर मी दुप्पट काळजी घेतो. आज अर्ध्याऐवजी पूर्ण फेरा दिला. मग नटावरून खालच्या पितळी तोंडापर्यंत एक बारीक पांढरी रेघ ओढली. कोणी नट हलवला की रेघ तुटणार. सोमवारी सर्वांच्या आधी जाऊन बसतो.

हिने बोटांना लागलेला रंग पाहिला. "कपाटाला?" असं विचारलं नाही, पण तसं पाहिलं.

सोमवार, ता. १८

आजचा दिवस क्रमाने लिहितो. नाहीतर उद्या मीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

कुलूप मी उघडलं. रेघ जशीच्या तशी! म्हणजे बाहेरचा कोणी येत नाही. जो काही आहे तो घरचाच भेदी. मी खिडकीमागे (माझ्या!) उभा राहिलो. सरकार आला. चावीला हात न लावता त्याने सरळ पाना उचलला, नटाला लावला आणि नट डावीकडे फिरवला. डावीकडे! जगातला कोणताही नट डावीकडे फिरवला की सैल होतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पांढरी रेघ तुटली.

"ताई!" मी अशी हाक मारली की कॉम्प्रेसरवाल्या भिंतीपलीकडून सगळे धावत आले. "पकडला! रंगेहाथ पकडला! माझ्या डोळ्यांसमोर नट सैल करत होता!"

ताई आली. रंगारी आला. सरकार पाना हातात धरून उभा.

"मी सैल करत होतो?" तो म्हणाला.

"डावीकडे फिरवत होता, ताई. मी पाहिलं."

"मग कुठे फिरवू?"

"बघ! वर विचारतोय!"

सरकारने चष्मा कपाळावर चढवला. मग पाना खाली ठेवला आणि लहान मुलाला घड्याळ शिकवावं तसा बोलू लागला. "मामा, जळणाऱ्या गॅसचे आटे उलटे असतात. मुद्दाम. ऑक्सिजनचा नट चुकून इथे आणि इथला तिथे लागू नये म्हणून. हा डावीकडे आवळतो, उजवीकडे सुटतो. नटावर या खाचा दिसतात? त्या त्याचीच खूण. काय सांगितलं होतं मी? उलट्या आट्याचं काम आहे म्हणून."

त्याने सिलिंडर उघडून साबण लावला. एक बुडबुडा नाही. बंद करून नट उजवीकडे सोडला आणि पुन्हा किंचित उघडला. फसफस फेस. ताबडतोब बंद.

"कळलं?" तो म्हणाला.

मला कळलं. इतकं कळलं की कानात कॉम्प्रेसर सुरू झाल्यासारखं वाटलं. आधी अडतो, मग मऊ येतो. जितका आवळावा तितका हलका. निर्धास्त उघडा.

"ते ठीक," ताई म्हणाली. "पण मग रोज सैल होतो तो कोणामुळे?"

सरकार वाकून नटाकडे पाहत होता. त्याने तुटलेल्या रेघेवरून अंगठा फिरवला, नखाने रंगाचा एक कपचा काढला, आणि मग सावकाश माझ्या बोटांकडे पाहिलं. रंगेहाथ हा शब्द मी उभ्या आयुष्यात अनेकदा छापला आहे. तो शब्दशः पाहण्याची ही पहिलीच वेळ, आणि हात माझे.

मी हात खिशात घातले.

"नट जिथे बसतो ती जागा घासलीय, ताई," सरकार म्हणाला. "त्यामुळे धरत नाही. माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं. गेज बदलून घेतो."

"म्हणजे दुर्लक्ष तुमचंच."

"हो."

"त्यातून आग लागली."

"हो."

ताईने पाना उचलून भिंतीवर लावला. "घरी बसवत नाही," ती म्हणाली. "खाटा पुऱ्या करा. पण नवीन शेडचं मी दुसऱ्याला बघते. माझ्यानं नाही आता डोळे मिटून राहवणार."

रंगारी मान खाली घालून कामाला गेला.

मंगळवार, ता. १९

झोप नाही. का वाचवलं त्याने मला? मी तीन शक्यता काढल्या. एक, पुढे कधीतरी वसूल करणार. दोन, समोरच्या कारखान्यात जायचं ठरलंय, त्यामुळे शेडचं त्याला काही नाही. तीन, वेडा आहे. चौथी शक्यता मनात येते आणि मी दिवा मालवतो.

दुपारी त्याला गाठलंच. "खोटं का बोललात?"

"कोण बोललं?" तो जेवणाचा डबा धूत होता. "मी तर शासकीय निवेदन दिलं."

"सरकार, मी गंभीरपणे विचारतोय."

"मामा, वेल्डर बदलता येतो. भाऊ काय दुकानात परत करता येतो का, पावती दाखवून?" मग म्हणाला, "मला ती चार दिवस ओरडेल. तुम्हाला जन्मभर. आणि तुमचा तर तोच एक आसरा."

हे मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त.

"आणि समोरच्याकडे चहा?"

"नोकरी मागायला गेलो होतो. तुम्ही अशा नजरेने बघायला लागलात की दुसरीकडे बघून ठेवलेलं बरं. पण तो पगार कमी देतो आणि चहात साखर जास्त घालतो." त्याने डबा झटकला. पाणी माझ्या सदऱ्यावर उडालं. "चला."

मला सिलिंडरपाशी नेऊन त्याने हातात पाना दिला. "आवळा." मी उजवीकडे नेला. त्याने मनगट धरलं. डाव्या हाताने, कारण उजव्याला अजून पट्टी आहे. "पुन्हा." तीनदा चुकलो. हाताला उभ्या जन्माची सवय असते. चौथ्यांदा डावीकडे गेला, आणि शेवटी घट्ट झाला. घट्ट होणं हाताला कसं लागतं हे मी विसरूनच गेलो होतो.

"बास," तो म्हणाला. "आता परत कधी पान्याला हात लावायचा नाही."

तरी मनात येतंच: शिकवलं का? ताईला मुद्दाम दाखवायला तर नव्हे, की बघा, मामांना आता येतं, म्हणजे आधी...? मग मीच मला म्हणालो, पुरे.

बुधवार, ता. २०

शेडसाठी एक माणूस ताईला भेटायला आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. सिलिंडरच्या खोलीत शिरला आणि बोलता बोलता एका सिलिंडरला पाय लावून, तो आरामखुर्चीसारखा कलंडवून टेकला. साखळी होती म्हणून सिलिंडर पडला नाही. सरकारने लांबून पाहिलं. खाटेचे पाय जोडत राहिला. गाणं म्हणत नव्हता. तो काम करताना गाणं म्हणतो हे मला आज कळलं, कारण आज ऐकू आलं नाही.

ताई म्हणाली, "कसा वाटला?"

मी म्हणालो, "विचाराधीन आहे."

ती हसली नाही.

रात्री हिने ताट वाढताना विचारलं, "सापडला का चोर?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि भात जरा जास्त वाढला. हिला काय माहीत आहे आणि किती दिवसांपासून, याचा तपास करायचं धैर्य माझ्यात नाही.

शुक्रवार, ता. २२

ताई एकटी जेवते, हिशेबाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्या उभ्या. मी समोर जाऊन बसलो.

"ताई, नट मी सैल करत होतो."

"कुठला?"

"तोच. रोज संध्याकाळी. आवळतोय असं समजून."

तिने घास खाली ठेवला.

"आणि त्या दिवशी सकाळी त्याने मला विचारलं होतं. मी सांगितलं, घट्ट आहे, उघडा. म्हणून त्याने तपासलं नाही. ती जागा घासलेली वगैरे काही नाही. ते त्याने माझ्यासाठी सांगितलं."

ती ओरडेल याची मी तयारी करून गेलो होतो. उत्तरंही होती, चांगली होती. तिने विचारलं, "तुला जबाबदार माणूस कोणी केलं?"

"तू."

"हं," ती म्हणाली. तिने डबा बाजूला सारला. मग म्हणाली, "त्याचा हात जळला रे." एवढंच. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हाही ती अशीच बोलली होती, ओरडण्याच्या आवाजात नाही. मला ओरडणं परवडलं असतं.

डबा तसाच टाकून, हात धुऊन ती बाहेर गेली. खाटांच्या रांगेपाशी तिने सरकारला गाठलं. ग्राइंडर सुरू होता, शब्द ऐकू आले नाहीत. ती बोलत होती, तो मान खाजवत होता. मग त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ती त्याला मागच्या बाजूला घेऊन गेली, जिथे शेडचे खांब उभे राहायचे आहेत, आणि हात लांबवून काहीतरी दाखवू लागली. इथे दार, तिथे खिडकी, असं असावं. इस्त्रीच्या शर्टवाल्याला तिने फोन केला तो मात्र ऐकू आला. आवाज ओळखीचा होता, नकाराचा.

थोड्या वेळाने सरकार माझ्या टेबलाशी आला. मी बिलांत डोकं घातलेलं. तो उभाच.

"मामा."

"बोला."

"ताईंना कोणी सांगितलं?"

"कोणास ठाऊक," मी म्हणालो. "हल्ली कोणावर विश्वास ठेवायची सोय राहिलेली नाही."

तो "बघू" म्हणाला आणि गेला. मी बिलाची बेरीज पुन्हा वरपासून सुरू केली. पलीकडे खाटेच्या पायाला टॉर्च लागला, आणि त्याच्या आवाजावर बेसूर गाणं सुरू झालं.